कुणाचं तोंड बंद करायचं, कुणाचं नाही

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. लिहिते, ‘‘ताई, घरात सात महिन्यांचं बाळ आहे. तासभर मांडीवर थोपटून झोपवावं, तर कपडे धुण्याचं यंत्र ‘धुऊन झालं’ म्हणून पीं-पीं करतं. बाळ जागं! हे म्हणतात, मागचं झाकण उघडून ती पिपाणीच काढून टाकतो. काढू द्यावी का?’’

पत्र वाचून आधी हसू आलं. मग आमच्या घरातली एक सकाळ आठवली आणि हसू मावळलं.

२०२१ साली मामंजींना कोरोना झाला होता. इस्पितळातून घरी आले, तेव्हा काही दिवस ऑक्सिजनचं यंत्र भाड्यानं आणलं होतं. त्या सकाळी मी पोळ्या करीत होते. मायक्रोवेव्हमधलं दूध तापलेलं, धुणं आटपलेलं, फ्रिजचं दार कुणीतरी अर्धवट लावलेलं. तिन्ही यंत्रांचा गलका चाललेला. त्यात आणखी एक पीं-पीं सुरू झाली. ‘‘आले गं बाई, जरा दम धर,’’ असं म्हणत मी आणखी दोन पोळ्या लाटल्या. सासूबाई खोलीतच जप करीत होत्या. पण असा बारीक, चिरका आवाज त्यांना येत नाही. जाऊन पाहते तो काय, नळी खाटेच्या पायाखाली दबलेली आणि मामंजी धापा टाकत उठून बसलेले. नळी सोडवली, हळूहळू ते सावरले. माझे हात मात्र दिवसभर थरथरत होते.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजले. घरातली सगळीच यंत्रं ओरडू लागली, की खरी हाक ओळखू येत नाही. बिनकामाचे आवाज बंद करायचे ते नुसत्या झोपेसाठी नव्हे, तर कामाचा आवाज ऐकू यावा म्हणून!

आता ही पिपाणी, म्हणजे बझर, आहे तरी काय? बहुतेक यंत्रांत धातूच्या पातळ चकतीवर चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचा थर चिकटवलेला असतो. वीज मिळाली की तो किंचित आकसतो, पसरतो. चकती थरथरते आणि आवाज निघतो. दाब आणि वीज यांचं हे नातं १८८० साली जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी दाखवून दिलं. मादाम क्यूरींचे यजमान, तेच हे पिएर बरं का! या बझरचा आवाज पुष्कळदा २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास असतो आणि माणसाचा कान याच पट्टीत फार तिखट. वय झालं की मात्र उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. म्हणून बाळ दचकून उठतं आणि आजीला पत्ताही नसतो.

तेव्हा असं करा:

१. आधी यंत्राबरोबर आलेली पुस्तिका शोधा. कित्येक यंत्रांत आवाज बंद करण्याची सोय असतेच. कुठे एक बटण काही सेकंद दाबून धरायचं, कुठे दोन बटणं एकदम. पुस्तिका हरवली असेल, तर यंत्रावरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीला फोन करा.

२. स्वयंपाकाचं घड्याळ, लहानसा गजर अशा वस्तूंत आवाजाचं भोक बाहेरच दिसतं. त्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावले की आवाज मऊ होतो. हवा खेळायची जाळी मात्र झाकू नका.

३. सोय नसेल, तर मेकॅनिकला विचारा. बझरची तार तोडण्यापेक्षा मध्ये लहानसा रेझिस्टर घालून आवाज पुष्कळदा कमी करता येतो. हमीची मुदत संपली आहे ना, हे आधी पाहा.

४. मायक्रोवेव्ह घरी कधीही उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये २००० व्होल्टच्या वरची वीज साठते आणि प्लग काढल्यावरही ती राहू शकते. जिवावर बेतेल!

५. गॅसगळतीचा, धुराचा आणि आजाऱ्याच्या यंत्राचा इशारा कधीही बंद करू नका. इन्व्हर्टर ओरडला तर बॅटरी उतरली आहे की भार जास्त झाला, ते पाहा. फ्रिज ओरडला तर दाराचं रबर पुसा. तिथे तोंड नव्हे, कारण बंद करायचं.

पत्रलेखिका भगिनीला सांगणं इतकंच, की यजमानांच्या हातचा स्क्रू-ड्रायव्हर तूर्त काढून घ्या आणि पुस्तिका द्या. त्यात मार्ग सापडला नाही, तर बाळ झोपायच्या आत धुणं आटपेल अशा बेतानं यंत्र लावा. आणि तुम्ही सगळ्याजणी आज एक करा. घरातला प्रत्येक आवाज कुणाचा, हे घरच्या सर्वांना ऐकवून ठेवा. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना कुठला दिवा लागतो तेही दाखवा. मी हे केलं, पण एका सकाळच्या घाबरगुंडीनंतर. तुम्ही आधीच करा.