कात अडकली तर?



माण तालुक्यातला कडक उन्हाळा. आमच्या शाळेच्या दगडी कुंपणात एक धामण दिसली. अंगावर जुन्या कातीच्या चिंध्या, डोळे दुधाळ. "बाई, ओढून काढू का?" एकानं विचारलंच! मी त्याला लांबच थांबवलं. का, सांगू?

साप वाढतो, पण त्याची वरची कातडी वाढत नाही. ती टाकण्याआधी जुन्या-नव्या कातडीमध्ये द्रव साठतो, डोळे निळसर दिसतात. नीट दिसत नसल्यानं साप तेव्हा चिडका असतो, बरं का! मग तोंड दगडावर घासून, उलट्या मोज्यासारखी तो कात सोडतो. हवा कोरडी असली, की ती तुकड्यांनी निघते. सापाला पापण्या नसतात; डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तोही कातीबरोबर सुटतो. ओढाओढ केली, तर डोळाच जायचा!

"मग मडक्यात घालून पाळू या? पूर्वी नागपंचमीला बत्तीस शिराळ्यात नाग ठेवायचे तसं?" दुसऱ्यानं विचारलं. नाही रे बाबा! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नाग-धामण पकडणं, पाळणं गुन्हा आहे.

तिला हवा होता ओलावा आणि एकांत. धामण बिळात गेल्यावर शिपाईमामांनी दगडांजवळ पाण्याची पसरट पाटी ठेवली. मुलांना तिकडे जायला बंदी! चौथ्या दिवशी पाटीशेजारी कातीचे तुकडे पडले होते.

साप जखमी दिसला, तर हात लावू नका. मोठ्यांना वनखात्याला कळवायला सांगा. कधीकधी लांब उभं राहणं हीच खरी मदत असते.

तुमच्या बाई