दहा टक्के लेकरांचे: या ग्रामसभेला याच!



पुढच्या आर्थिक वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा आणि अंदाजपत्रक ठरवण्याचे हे दिवस आहेत. एकदा मंजुरी झाली की एप्रिलनंतर कितीही बोललो तरी ‘आराखड्यात नाही’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून आताच कळकळीची विनंती आहे. येत्या महिला सभेला आणि ग्रामसभेला या. गावातल्या लहान मुलांच्या वाट्याचा पैसा कशावर खर्च होणार, हे विचारा.

पैशांची ओढाताण खरी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांवर रस्ते, दिवाबत्ती, सभामंडप, सगळ्यांचाच दावा. अंगणवाडीच्या आहाराचेही तेच. केंद्राने २०१७ साली एका बालकासाठी दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कमी वजनाच्या बालकासाठी १२ रुपये असा दर ठरवला. पुढे कित्येक वर्षे तो तसाच राहिला. या काळात तेल, डाळ आणि गॅस किती महागले, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

अशा वेळी कात्री लागते ती सभेत ज्यांचा आवाज नाही त्यांच्या वाट्याला. दोन वर्षांचे मूल ठराव मांडू शकत नाही आणि त्याची आई सभेच्या वेळी खुरपणीला गेलेली असते.

या कात्रीची किंमत आकड्यांत दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ४६ टक्के होते. दहा वर्षांत ते ३४ टक्क्यांपर्यंत उतरले. म्हणजे मनावर घेतले तर सुधारणा होते. पण २०१९-२१ च्या पाहणीत ते ३५ टक्क्यांवरच अडकलेले दिसले आणि उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले होती दर चारांत एक. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर जाऊन बालशिक्षणाची वाट घालून दिली, त्या राज्याला हे शोभत नाही.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा, असा नियम आहे. कित्येक ठिकाणी हा पैसा वर्षभर पडून राहतो आणि मार्चअखेर घाईघाईने खुर्च्या नाहीतर भांडी घेऊन संपवला जातो. बिल निघते, पण मुलांच्या ताटात काही पडत नाही. हे थांबवण्यासाठी ग्रामसभेत पुढचे ठराव मांडा.

१. सहा महिने ते तीन वर्षांची मुले आणि गरोदर माता यांना पहिला हक्क. मुलाच्या वाढीचा पाया या वयात घातला जातो आणि हीच मुले दिवसभर अंगणवाडीत बसत नाहीत. घरपोच आहाराचे पाकीट घरी पोहोचते, पण आई रानात असताना ते शिजवून भरवणारे कोणी नसते.

२. वस्तूंच्या आधी माणूस. समजा, ग्रामपंचायतीचे उत्पन्न चार लाख आहे. दहा टक्के म्हणजे ४० हजार. पेरणी-खुरपणीच्या आणि काढणीच्या मिळून चार महिन्यांसाठी दोन बायांना महिना पाच-पाच हजार मानधन दिले, तर या रकमेत गावात हंगामी पाळणाघर चालते. जागा समाजमंदिराची, धान्य-भाजीपाला गावाचा.

३. नळ आणि शौचालयाचा खर्च या दहा टक्क्यांत घालू नका. अंगणवाडीतले पिण्याचे पाणी आणि शौचालय ही पाणी-स्वच्छतेचीच कामे आहेत. ती त्या राखीव निधीच्या आराखड्यात लिहून घ्या, म्हणजे इथला पैसा आहारासाठी आणि सांभाळासाठी मोकळा राहील.

४. नव्या इमारतीआधी दुरुस्ती. गळके छत, बंद पडलेला वजनकाटा, तुटके दार ही कामे थोड्या पैशांत होतात. काटाच बरोबर नसेल, तर कोणते मूल घसरते आहे हे सेविकेला कळणार कसे?

५. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची यादी, कुटुंबे गाव सोडण्याआधी. जी मुले सोबत जातील त्यांची नोंद तिकडच्या अंगणवाडीत व्हावी. जी आजी-आजोबांपाशी राहतील त्यांची चौकशी ग्राम बाल संरक्षण समितीने दरमहा करावी.

आता एक गोष्ट आपल्या स्वतःच्या घरची. दहा टक्के कशाचे, तर प्रामुख्याने आपण भरतो त्या घरपट्टी-पाणीपट्टीचे. थकबाकी वाढली की मुलांचा वाटाही तेवढाच आटतो. ज्यांना जमते त्यांनी थकलेली पट्टी या महिन्यात भरावी आणि मगच हक्काने हिशेब मागावा.

सेविका आणि मदतनीस ताईंना सभेत बोलवा आणि आधी त्यांना बोलू द्या. कोणत्या घरातले मूल आजारी आहे, कोणती आई रक्त कमी असूनही कामावर जाते, हे गावात त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते. शेतमालकांनी त्या दिवशी बायांची अर्धी मजुरी कापू नये. सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी सभेची वेळ मजुरी सुटल्यानंतरची ठेवावी.

सभेत गेल्या वर्षीचा महिला व बालकल्याणाचा खर्च वाचून दाखवायला सांगा. अखर्चित रक्कम विचारा. नवे ठराव रकमेसह इतिवृत्तात लिहून घ्या, मोठ्याने वाचून घ्या आणि मगच सही किंवा अंगठा द्या. ज्या ठरावापुढे रक्कम आणि महिना लिहिलेला नाही, तो मान्य करू नका.