जसेच्या तसे म्हणजे कसे?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर कोसळले, रंगमंच गेला. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. ‘नाट्यगृह जसेच्या तसे उभे करा’ ही रंगकर्मींची मागणी होती आणि शासनाने पुनर्बांधणी हाती घेतली. मागणी रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की ‘जसेच्या तसे’ या शब्दांत आपण काय काय धरतो?

शाहू महाराजांनी 1915 मध्ये हे ‘पॅलेस थिएटर’ उभारले, ते खासबाग कुस्ती मैदानाला लागून. नाव राजवाड्याचे असले, तरी जागा लोकांच्या वर्दळीतली होती. पुढे ज्या नटाचे नाव त्याला मिळाले, त्याचाही इतिहास हेच सांगतो. 1921 मध्ये केशवराव आणि बालगंधर्व या दोन प्रतिस्पर्ध्यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. नाटक हे सार्वजनिक कार्य आहे, ही जाणीव त्यामागे होती.

पेण-रोह्याच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. जून 2022 मध्ये अलिबागचे पीएनपी नाट्यगृहही आगीत सापडले. नाट्यगृह गेले म्हणून नाटक लगेच थांबत नाही. उत्सवाच्या मांडवात ते होतच राहते. थांबते ती वाढ. नेपथ्य, प्रकाशयोजना, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज यांचे शिक्षण मांडवात मिळत नाही.

म्हणून वास्तूबरोबर वहिवाटही पूर्ववत झाली पाहिजे. हौशी संस्थेला परवडेल असे भाडे, तालमीसाठी जागा आणि स्थानिक नाटकांसाठी वर्षभरातल्या काही राखीव तारखा या गोष्टी पुनर्बांधणीच्या आराखड्याइतक्याच लेखी असाव्यात. यावर आक्षेप येईल, की देखभालीला पैसा लागतो आणि तो व्यावसायिक प्रयोगांतून व समारंभांतूनच येतो. ते खरे आहे. पण ग्रंथालयाचा हिशेब आपण केवळ वर्गणीवर मांडत नाही. मग नाट्यगृहाचाच केवळ भाड्यावर का मांडावा?

कोरीव दगड पुन्हा बसवता येतो, त्याला कारागीर मिळतात. तारीख न मिळाल्यामुळे विखुरलेली नाट्यसंस्था मात्र कोणताही वास्तुविशारद पुन्हा उभी करून देत नाही.