वाडीचं नाव

पाचवीच्या मुलांना मी दरवर्षी आपल्या गावाचा नकाशा काढायला लावते. मोहोपाड्याची मुलं झटपट काढतात : बाजार, मशीद, देऊळ, कंपनीचं गेट. वाड्यांवरून येणारी मुलं मात्र आधी पायवाट ओढतात. यंदा एका मुलीने वाटेच्या टोकाला घरं काढली आणि विचारलं, “मॅडम, गावाचं नाव म्हणून वाडीचं लिहू की ग्रामपंचायतीचं?”

आपल्या खालापूर-कर्जतकडे हा प्रश्न खराच आहे. इथे ग्रुप ग्रामपंचायती पुष्कळ. कार्यालय एक, त्याखाली विखुरलेली गावं आणि डोंगरातल्या ठाकर-कातकरी वाड्या. दाखला हवा, उतर खाली. ग्रामसभा, तीही खालीच. दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार?

19 जुलै 2023 ची रात्र आपण विसरलेलो नाही. इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सरकारी नोंदीप्रमाणे तिथे 48 घरं होती, 228 माणसं. 27 मृतदेह सापडले. 57 जण बेपत्ताच राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवला. वर गाडीरस्ता नव्हता. मोठी यंत्रं चढेनात, जवानांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. आणि दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचं नावच नव्हतं! हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं.

पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी भागात पेसा कायदा आहे, 1996 चा. तिथे एखादा पाडाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मागू शकतो. रायगड अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून इथल्या वाड्यांना ती सोय नाही. ग्रामसभेने दरड अडली असती, असं मी म्हणत नाही. पण आमचं नाव यादीत का नाही, हे वाडीत बसून विचारता आलं असतं.

वाचलेल्यांना आधी कंटेनरमध्ये ठेवलं, पुढे सिडकोने चौकजवळ घरं बांधली. पक्की घरं, रस्त्यालगत. शेती मात्र वरच राहिली.

पावसाच्या तोंडावर शेवळं घेऊन दारात येणाऱ्या बायका अशाच वाड्यांवरच्या. अम्मी त्यांच्याशी भावावरून हुज्जत घालायची, मग चहा द्यायची. कुठल्या वाडीची, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

त्या मुलीला म्हटलं, दोन्ही लिही, पण वाडीचं आधी.