सातचा भोंगा, साडेआठची घरवापसी

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. पुढचा दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला. करोनाकाळात ऑनलाइन शिक्षणासाठी हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून गावाने हा मार्ग काढला.

हाच भोंगा ठाणे किंवा डोंबिवलीत चालेल का? सात वाजता इथले कितीतरी आईवडील लोकलच्या गर्दीत उभे असतात. घरी एकट्या असलेल्या मुलाशी संपर्काचा धागा म्हणजे तोच फोन. त्यामुळे सरसकट बंदी इथे टिकणार नाही.

प्रश्न फोन कशासाठी वापरला जातो, हा आहे. ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील सुमारे ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता, तर सुमारे ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. शहरातले चित्र याहून फार वेगळे असेल, असे मानायला जागा नाही. बोट सरकवले की लगेच दुसरी रील सुरू होते; थांबण्याची जागाच ठेवलेली नसते. तिथे केवळ मुलाच्या निग्रहावर भिस्त ठेवणे अन्यायाचे आहे.

पहिला फटका झोपेला बसतो. १३ ते १८ वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. सकाळच्या शाळेसाठी सहाला उठणाऱ्या मुलाने दहापर्यंत झोपायलाच हवे.

वडगावचे खरे वैशिष्ट्य भोंगा नव्हे. नियम मोठ्यांनाही लागू होता, हे आहे. आपल्याकडे साडेआठला घरी आलेले बाबा सोफ्यावर बसून फोन उघडतात आणि मुलाला म्हणतात, ‘तो मोबाइल ठेव आधी.’ मूल ऐकत नाही, ते पाहते.

म्हणून वेळ आपल्या गाडीच्या वेळेप्रमाणे ठरवावी. जेवणाच्या ताटावर कुणाचाच फोन नको. रात्री साडेनऊनंतर घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत आणि उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ आणावे. नियम मुलांशी बोलून ठरवावेत.

फोन काढून घेताच मूल हिंसक होत असेल, शाळा, खेळ, मित्र तुटत असतील, तर मात्र ओरडून उपयोग नाही. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास समुपदेशन मिळते.