मोहाच्या झाडाखाली भरणारा वर्ग

हल्ली जंगलालगतच्या पर्यटक निवासांतून ‘उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान’ म्हणून पाहुण्यांना जे दाखविण्यात येते, त्यात बहुधा मादागास्करच्या गुलमोहराची आणि दक्षिण अमेरिकेच्या बोगनवेलीचीच चलती असते, आणि कुंपणापलीकडे सरकारी जंगलात उभे असलेले धावडा, तेंदू, बिबळा निनावीच राहतात. उन्हाळ्यात पानगळीने उघडे पडणारे किनवट-माहूरचे सागवनही त्याच कटिबंधातले आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

निजामी अंमलात किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडकडे आला आणि मराठवाड्याच्या उजाड मुलखाला जंगलाचा एक भरघोस पट्टा लाभला. तेथील मोह ऐन बहरात पाहावा. पहाटेपूर्वी गळलेली फिकट पिवळी, मांसल फुले गोंड स्त्रिया आधीच झाडून ठेवलेल्या जमिनीवरून टोपल्यांत वेचीत असतात, आणि त्यांचा गोड, किंचित आंबूस दर्प उन्हे चढली तरी हटत नाही. बिब्याची तऱ्हा याहून न्यारी: ज्याच्या तेलाने अंगावर फोड उठतात, त्याच फळाच्या बीतली गोडंबी आपण हिवाळ्यात लाडवांत आवडीने खातो, बिब्याचे झाड पाहिलेला मनुष्य मात्र लातुरात शोधावाच लागेल.

लातूर अद्याप उस्मानाबाद जिल्ह्यातच होते तेव्हा, 1979 साली, प्रा. व्ही. एन. नाईक यांनी त्या जिल्ह्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, आणि 1998 मध्ये साऱ्या मराठवाड्यावर. इतकी सिद्धता असताना, ‘नीट’ परीक्षेत 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राला आहेत म्हणून लातूरच्या शिकवणी वर्गांत वनस्पतींची कुळे मुखोद्गत करणाऱ्या मुलांनी ती झाडे डोळ्यांनी पाहूच नयेत, हा शिक्षणाचा विपर्यास होय.

वनखात्याने शोभेची नवी बाग उभारण्याच्या भरीस पडू नये. किनवटच्या जंगलातील विश्रामगृहाभोवती जी झाडे आहेत, त्यांनाच मराठी, गोंडी आणि शास्त्रीय नावांच्या पाट्या लावाव्यात (खोडांत खिळे न ठोकता, अर्थात!), आणि नावे सांगण्यास तेथल्याच गोंड-कोलाम जाणत्यांना मानधनावर नेमावे. एवढ्या खर्चाची दरखास्त जिल्हा नियोजन समितीच्या दफ्तरी अडू नये. शिकवणी वर्गांच्या चालकांनी तर तेवढीही वाट पाहू नये. येत्या चैत्रात अकरावीची एक तुकडी घेऊन निघावे. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर किनवटचे स्टेशन आहे.