रोहीचा परवाना मिळेल, पण बंदूक कोणाची?

बुलडाणा : ज्ञानगंगा अभयारण्यालगतच्या शिवारात पिके फस्त करणाऱ्या रोहींना मारण्याची परवानगी वनखाते देऊ शकते, राज्याने २०१५ मध्ये ही प्रक्रिया सुलभही केली. कळविटाला मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच असल्याने केवळ पीकनुकसानीच्या कारणावरून तशी परवानगी मिळत नाही. हौशी शिकाऱ्याला, मग तो स्थानिक असो वा परप्रांतीय, या कायद्यात जागाच नाही.

खरी अडचण परवान्यानंतरची आहे. सामान्य शेतकऱ्याकडे बंदूक असते कुठे? बिहारमधील मोकामा येथे २०१६ मध्ये रोही मारण्यासाठी हैदराबादचे नेमबाज बोलवावे लागले होते. शिवाय मारलेले जनावर सरकारजमा होते. साहजिकच कोरडवाहू शेतकरी अर्जाऐवजी रात्रीच्या जागलीवर आणि नुकसानीच्या पंचनाम्यावरच विसंबतो.